घशाखाली थेंब नाही

रायभान पाटलांच्या दारावर दोन पाट्या होत्या. एक सरकारी, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची: 'पोलीस पाटील, मौजे वडगव्हाण'. दुसरी त्यांनी स्वतः घनसावंगीहून रंगवून आणलेली: 'हे घर निर्व्यसनी आहे'. दुसरी पहिलीपेक्षा चार बोटं मोठी होती.

वडील मेंढरं घेऊन आठ महिने गोदाकाठानं फिरत. चार बुकं शिकून सहीचा कागद हातात धरणारे घरातले पहिले रायभानच. दहावी झाले, लेखी परीक्षा दिली, आणि बत्तिसाव्या वर्षी गावाचे पोलीस पाटील झाले. त्या दिवसापासून त्यांना फक्त 'रायभान' म्हणणारं माणूस गावात उरलं नाही. आईसुद्धा शेवटी शेवटी 'पाटील, पाणी द्या' म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. पद गेलं तर या माणसाचं काय उरेल, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं: काही नाही.

गळ्यात तुळशीची माळ. मटण नाही, अंडं नाही, दारू नाही, तंबाखू नाही. आपण काय काय खात-पीत नाही याची यादी ते पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवत. आणि त्यांचं एक खास काम होतं. लग्नाची वरात असो, ग्रामसभा असो, ते दाराशी उभे राहत आणि ज्याचा संशय येई त्याला थांबवत.

"हा कर."

"ओ पाटील, लेकराच्या लग्नात तरी..."

"हा कर म्हणलं ना! बराबर माझ्या तोंडासमोर."

माणूस तोंड उघडी, पाटील वाकून हुंगत, आणि निकाल देत. देशी की हातभट्टी, कालची की आत्ताची, हेही सांगत. त्यांचं नाक गावात वजन राखून होतं. ओढ्याकाठच्या दोघी हातभट्टीवाल्या बायांना त्या नाकानं कोर्टाची पायरी दाखवली होती. बायांच्या पाठीशी उभं राहायला कुणी नव्हतं. नाकाच्या पाठीशी सगळं गाव होतं.

हेच नाक पाइपच्या सोल्युशनच्या डब्यात घालून ते रोज बसत.

आमच्या भागात ते सोल्युशन नसलेलं घर सापडायचं नाही. ऊस म्हणा, मोसंबी म्हणा, ठिबक आलं की पाइप आले, पाइप आले की ते जोडायचा डिंकासारखा पातळ, उग्र वासाचा पदार्थ आला. देवळीत, खिडकीत, पिठाच्या डब्याशेजारी त्याचा छोटा डबा असतोच. पाटील शेतीसोबत पाइप जोडायची कामं घेत. आठ-नऊ वर्षांपूर्वी गावात एकाच उन्हाळ्यात पाइपलाइनी झाल्या, तेव्हा दिवसभर त्या वासात राहून त्यांना कळलं की डोकं हलकं होतं. पुढं पाइप नसला तरी डबा लागू लागला. गाडीच्या डिकीत एक, बैठकीच्या कपाटात सरकारी नोंदवहीमागं एक.

गोपिकाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"कुठला पाइप जोडून राह्यले घरात बसून?"

"डोकं दुखतंय. वासानं उतरतं."

"मंग डोकं रोजच दुखतंय का? दारुड्याचं बी रोजच दुखत असतंय."

त्या दिवशी पाटील जेवले नाहीत. दारुडा हा शब्द त्यांच्या घरात, त्या पाटीखाली उच्चारला गेला होता. संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवून शास्त्र सांगितलं. व्यसन म्हणजे जे तोंडावाटे पोटात जातं ते. माळ कुठं असते? गळ्यात. गळ्याखालून वाईट काही उतरलं तर माळ बाटते. नाकाचा रस्ताच वेगळा आहे. फुलाचा वास घेतला म्हणून कुणी फूल खाल्लं असं होत नाही.

मुलगी शालू जालन्याला नर्सिंगला आहे. सुट्टीत आली की ती हे शास्त्र ऐकून हसायची, मग हसेनाशी झाली.

"बाबा, नाकातलं बी घशातूनच फुप्फुसात जातं. तिथून रक्तात. तुमचे हात बघा कसे थरथर करून राह्यले."

"तू नर्स होऊन राह्यली का वकील?"

"नर्स. म्हणूनच सांगते."

"मंग सुया टोचायचं शीक. माळेचं मला कळतंय."

हात थरथरत होतेच. नाकपुड्यांभोवती लाल चट्टे आले होते आणि ते बरे होत नसत. एकदा त्यांनी एका शेतकऱ्याला रहिवासाचा दाखला दिला तो त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं. शेतकऱ्यानं तो परत आणला तेव्हा, 'बाप काय दुसऱ्या गावचा होता का?' म्हणून त्यालाच झापलं. गाव हे सगळं बघत होतं. पाटील दुपारी सोल्युशन हुंगतात, हे लोक अशा सुरात सांगत की जणू पाटील दुपारी लिंबाखाली पडतात. जे माणूस प्यायलेल्याच्या अंगावर थुंकून पुढं जातं, तेच माणूस पाटलांच्या बैठकीत तो उग्र वास नाकाला पदर लावून सहन करत होतं आणि वर म्हणत होतं, 'पाटील लई निर्मळ.' हा गावाचा भोळेपणा नव्हता. भोळ्या माणसाला बायांच्या भट्ट्या कशा दिसल्या असत्या?

मागच्या वर्षी सप्टेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेदहा. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या मालनबाई भाजीची पिशवी घेऊन शाळेसमोरचा रस्ता ओलांडत होत्या. पाटील मळ्यातून गाडीवर आले. गाडी जोरात नव्हती. नुसती सरळ आली, जशी दावं सुटलेली म्हैस येते, कुठंही न बघता. मालनबाई ओरडल्या. पोरं ओरडली. ब्रेक लागला नाही. गाडी मालनबाईंच्या डाव्या पायावरून जाऊन मोरीच्या कठड्याला टेकली.

पाटील उठून बसले आणि हसू लागले.

गावाला धडक आठवत नाही, ते हसणं आठवतं. मालनबाईंचा पाय दोन ठिकाणी मोडलेला, मेथीच्या जुड्या रस्ताभर, आणि पोलीस पाटील कठड्याला पाठ लावून, ओठांच्या कडेला लाळ, गुदगुल्या केल्यासारखे हसतायत. उभं राहायचा प्रयत्न केला तर पाय जुळेनात.

ठाण्यात नेऊन त्यांना नळीत फुंकायला लावलं. आकडा शून्य आला. पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर 'चाल अस्थिर, अंगाला रसायनाचा वास' असं लिहिलं. पण पाइप जोडणाऱ्या माणसाच्या अंगाला दुसरा कसला वास येणार? बेदरकारपणे गाडी चालवून मोठी दुखापत केली, एवढाच गुन्हा नोंदला गेला आणि पाटील दुपारच्या चहाला घरी आले.

वकील काकासाहेबांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. काकासाहेब या तालुक्यात तीस वर्षं अशीच प्रकरणं चालवत आलेत.

"पाटील, एक कुत्रं आडवं आलं."

"कुठलं कुत्रं?"

"कुठलं बी. काळं म्हणा. त्याला वाचवता वाचवता हँडल वळलं. मशीन शून्य म्हणतंय, दारूचं कलम लागत न्हाई. कायद्याच्या पुस्तकात पाइपच्या सोल्युशनचं नाव घेऊन कलम न्हाई. तुम्ही गप बसा. पद राहतंय, दंडावर भागतंय."

"आणि मी हुंगलं होतं ते?"

काकासाहेबांनी उठून दार लावलं. "ते तुम्ही मला सांगितलं न्हाई, आणि मी ऐकलं न्हाई."

कायद्याचं हे असंच आहे. ओढ्याकाठच्या बाईच्या मडक्यासाठी त्यात पानभर कलमं आहेत. सरकारला बाटली ओळखू येते, मडकं ओळखू येतं. किराणा दुकानात, शेतीच्या दुकानात, पिठाच्या डब्याशेजारी जे राजरोस बसलेलं असतं त्याच्याकडं बघायला त्याला सवड झालेली नाही. त्या फटीतून पाटील अलगद निसटले असते. पण निसटायलासुद्धा थोडी शुद्ध लागते.

गावात बोलणं सुरू झालं होतं. शून्य आलं म्हणजे काय? ठाण्याचं मशीन आणि ठाण्याचाच पाटील. प्यायल्याशिवाय माणूस असा हसतो का? पाटील हॉटेलात शिरले की कोपऱ्यातून आवाज यायचा:

"हा करा, पाटील."

"बराबर तोंडासमोर!"

एका सकाळी 'हे घर निर्व्यसनी आहे' या पाटीवर कुणीतरी खडूनं प्रश्नचिन्ह काढलेलं दिसलं. पाटलांनी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होतं, जरा मोठं.

मालनबाईंचा पाय मोडला याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. दारू प्याल्याचा आळ मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. ते अर्धा डझन केळी घेऊन जालन्याच्या दवाखान्यात गेले. मालनबाईंना वाटलं, माफी मागायला आले असतील. पलंगाशेजारी स्टूल ओढून पाटील म्हणाले, "मावशी, एक काम होतं. मी जवळ पडलो तवा माझ्या तोंडाला दारूचा वास येत होता का?"

मालनबाईंचा पाय वजनाला बांधून वर टांगलेला होता.

"न्हाई आला."

"मंग तेवढं लिहून द्या. अंगठा न्हाई, सही करा. तुम्हाला येते."

"सांगीन की. साहेबासमोर सांगीन. दारूचा वास बिलकुल नव्हता. सोल्युशनचा होता."

"सोल्युशन काय नशा हाय का मावशी?"

"आमच्या पंचशिलात पाचवं शील हाय, पाटील. त्यात तोंडानं का नाकानं असं लिव्हलेलं न्हाई. ज्यानं शुद्ध जाते ते सोडा, एवढंच लिव्हलंय." मालनबाईंनी केळी उशाच्या बाजूला सरकवली. "आणि तुम्ही हसत होते, ते बी मी सांगीन."

पाटलांना त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. मालनबाईंनी दारू नव्हती म्हणून कबूल केलं, असं ते येताना जीपमध्ये अनोळखी माणसांना सांगत आले.

मग त्यांनी ते केलं जे काकासाहेबांच्या तीस वर्षांत कुठल्या अशिलानं केलं नव्हतं. काकासाहेब कागद करून देणार नाहीत हे ओळखून ते तहसीलबाहेरच्या राधेश्याम टंकलेखकाकडं गेले. राधेश्याम समोरचा माणूस जे सांगेल ते टंकतो, हे त्याचं ब्रीद. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यात सत्यप्रतिज्ञेवर लिहिलं होतं की, 'मी माळकरी असून आजतागायत माझ्या घशाखाली दारूचा थेंब गेलेला नाही. घटनेच्या दिवशी मी दारू प्यालेलो नव्हतो. गाडी चालवण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे पाइपच्या सोल्युशनचा वास घेतलेला होता व त्यामुळे मला गरगरत होते. मी गेली आठ वर्षे फक्त वासच घेतो, हे सर्व गावास ठाऊक आहे. सबब मी निर्व्यसनी आहे.'

सही थरथरती होती, पण पूर्ण नावाची होती.

गोपिकाबाईंनी नवऱ्याला तो कागद फोनवर शालूला वाचून दाखवायला लावला. शालू वाक्यावाक्याला 'बाबा' म्हणत होती, आणि शेवटी तिनं फोन ठेवला.

"एकच सांगा," गोपिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "हा कागद तुम्ही वास घेऊन लिव्हला का वास न घेता?"

"तुझ्या डोक्यात उजेड न्हाई. आता कुणाची हिंमत हाय का मला दारुडा म्हणायची?"

"दारुडा कुणी न्हाई म्हणणार. त्याच्यापेक्षा वाईट शब्द तुम्हीच हुडकून दिला."

पाटलांनी प्रती काढल्या. एक ग्रामपंचायतीच्या फलकावर, एक शाळेत, एक ठाण्यात, एक उपविभागीय कार्यालयात पोच घेऊन. जे पोलिसांना सिद्ध करता आलं नसतं आणि डॉक्टरांनी अर्ध्या ओळीत सोडून दिलं होतं, ते त्यांनी तारीख-वारासह, साक्षीदार म्हणून सगळ्या गावाचं नाव घालून, सरकारच्या हाती ठेवलं.

पंधरा दिवसांत नोटीस आली: पोलीस पाटील पदावरून आपणास का काढू नये?

सुनावणीला पाटील धुतलेला पांढरा सदरा घालून गेले. उपविभागीय अधिकारी एक तिशीच्या बाई होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढं सरकवलं.

"हे तुमचंच?"

"माझंच, साहेब. सही बघा."

"'नेहमीप्रमाणे' म्हणजे रोज?"

"खोटं कशाला लिहू? माळकरी माणूस."

"वास घेतल्यावर गरगरत होतं, आणि तुम्ही गाडी चालवली."

"दारू नव्हती, साहेब."

"दारूचं मी विचारलंच नाही."

पाटलांना काकासाहेबांकडून ऐकलेलं आठवलं. "कायद्यात सोल्युशनचं नाव दाखवा, साहेब."

"नाव नाही, खरं आहे. दुकानातून डबा आणला म्हणून तुम्हाला कुणी धरणार नाही, घरात हुंगलात म्हणून बहुधा नाही. पण ताबा सुटलेल्या हातानं गाडी चालवून माणूस मोडलं, तर त्याला कलम आहे. नशेत होतो ही सबबही चालत नाही, कारण नशा कुणी जबरदस्तीनं चढवलेली नाही. ते कोर्ट बघेल. मला एवढंच बघायचंय की गावात भांडण झालं, प्रेत सापडलं, पोरगी पळवली, तर ज्यानं पहिला फोन करायचा तो माणूस त्या वेळी कुठल्या अवस्थेत असेल. तुम्हीच लिहून दिलंय."

"साहेब, मी आजवर शंभरेक लोकांची तोंडं हुंगली..."

"तेही यात लिहिलं असतंत तर चाललं असतं," बाई म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

मालनबाईंचा जबाब झाला. वॉकरला धरून त्या आल्या होत्या. दारूचा वास नव्हता, हे त्यांनी कबूल केल्याप्रमाणे सांगितलं. हसण्याचंही सांगितलं. तेव्हा खोलीतल्या कारकुनानं मान वर करून पाटलांकडं पाहिलं. पाटील पहिल्या वाक्यावरच समाधानानं मान हलवत बसले होते.

आदेश महिन्यानं आला. दोन पानी. त्यात एक ओळ होती: 'मद्यप्राशन केल्याचे सिद्ध झालेले नाही.' तिच्या पुढच्या ओळीपासून शेवटपर्यंत ते पदास का अपात्र आहेत ते लिहिलं होतं, आणि तळाशी, त्यांना पदावरून काढून टाकण्यात येत आहे. पाटलांनी ती एकच ओळ चौकटीत घेतली आणि हॉटेलात जाऊन वाचून दाखवली. हॉटेलातल्यांनी ऐकून घेतलं. कुणीतरी विचारलं, "खालचं बी वाचा की." पाटलांनी कागदाची घडी घातली.

कोर्टाच्या दोषारोपपत्रासोबत जे कागद जोडून आले त्यात त्यांच्या प्रतिज्ञापत्राची प्रत होती, आणि आता कलमांमध्ये नशेत गाडी चालवल्याचं कलमही वाढलं होतं. ते टिकेल की नाही यावर वकिलांचा वाद होऊ शकेल. बेदरकारपणाच्या गुन्ह्यात मात्र वाद घालायला काही उरलं नव्हतं. काकासाहेबांनी फाइल बांधून पाटलांच्या मांडीवर ठेवली.

"माझ्याकडं एक कुत्रं होतं, पाटील. तुम्ही ते बी मारलं."

शिक्का आणि ओळखपत्र जमा करायला रायभान एकटेच गेले. गोपिकाबाईंनी सोबत यायला नकार दिला होता. मालनबाईंच्या घरी पाणी भरायचं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. कार्यालयात रांग होती. त्यांची पाळी आली तेव्हा कारकुनानं दोन्ही वस्तू टेबलावर ठेवून घेतल्या आणि पोच लिहायला घेतली.

"त्यात तेवढं घाला," रायभान म्हणाले, "दारूमुळं काढलं न्हाई म्हणून."

"पोचेत वस्तू लिहितात, कारण न्हाई."

"एक ओळ."

"शिक्का एक, ओळखपत्र एक," कारकून म्हणाला. "सही करा."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. पेन दोनदा कागदावरून घसरला. मागच्या माणसानं, तो भोकरदनकडचा कुणीतरी होता, जमिनीच्या कामासाठी आलेला, मदत म्हणून कागद धरून ठेवला. रायभान त्याच्याकडं वळले.

"दारू न्हाई बरं का," ते म्हणाले.

त्या माणसानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा कारकुनाकडं.

"दारूचं कोण म्हणलं?" तो म्हणाला, आणि टेबलापाशी सरकला.